काकांनी ठेवलेली नावं

त्या वर्षांत आमच्या घरातल्या काचा दुपारी वाजायच्या. आधी लांबून भोंगा यायचा, मग थोडा वेळ सगळं गप्प, आणि मग जमिनीखाली काहीतरी अवाढव्य कूस बदलतंय असा दबका आवाज. शोकेसमधले कप एकमेकांना हलकेच लागायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "फोडली." म्हणजे उलव्याची टेकडी, सुरुंगाने. आमचं गाव त्या टेकडीच्या पलीकडे, खाडीला लागून होतं. विमानतळाला जागा गेली आणि आम्ही पनवेलला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. मी तेव्हा लहान होते. गावातलं मला फारसं काही आठवत नाही, फक्त अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास आणि भरतीचं पाणी बांधाला लागायचा आवाज. तो आवाज मी खरंच ऐकलाय की घरातल्यांच्या बोलण्यातून माझ्यात आलाय, हे आता सांगता येणार नाही.

आत्मकथन लिहायचं हे काय वय आहे, असं आई म्हणते. तिचं बरोबर आहे. पण काही गोष्टी म्हातारं होईपर्यंत थांबत नाहीत, आधीच धूसर व्हायला लागतात. म्हणून त्या दुपारी लिहून ठेवते आहे.

त्या दुपारी काकांच्या होत्या. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. दोघांच्या वयात इतकं अंतर की पप्पांना त्यांनीच सायकल शिकवली, त्यांनीच चोपलं. पप्पा त्यांना दादूस म्हणतात. काका तरुणपणी हवाई दलात गेले, विमानांची इंजिनं दुरुस्त करत आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर एक लोखंडी ट्रंक घेऊन आमच्याकडे आले ते आमचेच झाले. बाल्कनीतली खुर्ची त्यांची. भोंगा वाजला की ते हातातला चहाचा कप उचलून धरायचे, धक्का बसून गेला की खाली ठेवायचे, आणि मग मला म्हणायचे, "हां बाय. आज कुठलं?"

कुठलं म्हणजे कुठलं विमान. काकांकडे लढाऊ विमानांच्या नावांच्या गोष्टी होत्या. विमानं किती वेगाने जातात, किती बॉम्ब नेतात, हे ते कधी सांगत नसत. त्यांना नावात रस. विमानाला कारखान्यात एक नाव मिळतं, ते कागदावरचं, असं त्यांचं म्हणणं. खरं नाव नंतर पडतं. ते कोण देतं? ते उडवणारा देतो, ते पुसणारा देतो, नाहीतर ज्याच्या डोक्यावर ते येतं तो देतो. "पण एक कायदा हाय," काका बोट वर करून म्हणायचे. "आपलं नाव आपण ठेवायचं नाय. आणि मागायचं तर मुळीच नाय."

हा कायदा मला लगेच पटला, कारण तो आमच्या गावचाच होता. आमच्याकडे माणसाला पाळण्यातलं नाव असतं, पण ते फक्त शाळेपुरतं. पनवेलपासून जासईपर्यंत रस्त्यावरचे वाढदिवसाचे बॅनर बघत जा. मोठ्या अक्षरांत नाव असतं आणि त्याखाली अवतरणचिन्हांत खरं नाव, ज्या नावाने त्याला गाव ओळखतं. आमच्या गावात एक 'वकील' होता, चौथी नापास. एक 'जिताडा' होता, कारण उधारी मागायला गेलं की माशासारखा हातातून निसटायचा. ही नावं कुणी बसून ठरवत नसे. ती पडायची, आणि पडली की निघत नसत. मुलींना मात्र असं नाव सहसा पडत नसे. आणि मी तर इंग्रजी शाळेत जाणारी, कुणाशी न बोलणारी, पाहुणे आले की पडद्याआड उभी राहून त्यांच्या चपला बघणारी. माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा: शांत मुलगी. त्या दोन शब्दांवर कुठलं नाव पडणार?

तर काकांच्या गोष्टी. स्पिटफायर हे नाव त्या विमानाला कसं मिळालं, तर कारखान्याच्या मोठ्या साहेबांची मुलगी फार तापट होती आणि ते तिला लाडाने तसं म्हणायचे. ज्याने विमान आखलं त्याला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं म्हणे, पण घरातलं लाडाचं नाव लढाईवर गेलं. जपानी विमानांची खरी नावं अमेरिकी सैनिकांच्या जिभेला वळत नव्हती, म्हणून लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्ब टाकणाऱ्यांना बायकांची नावं दिली, आणि नावं देणारा गडी डोंगराळ मुलखातला, त्याने आपल्या गावाकडची खेडवळ नावं काढून वाटली. "म्हणजे बघ," काका म्हणायचे, "घरापासून इतक्या लांब, डोक्यावर विमान येतंय मारायला, आणि हे ओरडतायत, आपला गंप्या आला रे, आपला बाळ्या आला!" ते हसायचे आणि त्यांच्या हसण्याने खुर्ची करकरायची. आणि नॅट. त्याची गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा झाली असेल, कारण त्या विमानावर काकांनी स्वतः काम केलं होतं. नॅट म्हणजे चिलट. एवढंसं विमान, पंखावर चढायला शिडी लागत नाही. पहिल्यांदा बघून सगळे हसले. मग लढाईत शत्रूची मोठमोठी सेबर विमानं या चिलटाने पाडली, आणि त्याचं दुसरं नाव पडलं, सेबरचा काळ.

एक गोष्ट मात्र मी त्यांना पूर्ण करू दिली नाही. बोफायटर नावाचं विमान होतं, दोन इंजिनांचं, चांगलं दांडगं. काकांना शिकवणारे म्हातारे उस्ताद तरुणपणी ब्रह्मदेशाच्या लढाईत त्या विमानांची देखभाल करायचे. एवढं थोराड, पण झाडांच्या शेंड्यांवरून खाली खाली यायचं आणि डोक्यावर येईपर्यंत त्याचा आवाजच यायचा नाही. म्हणून जपान्यांनी त्याला नाव दिलं, व्हिस्परिंग डेथ. कुजबुजत येणारं मरण. काकांनी हे हळू आवाजात सांगितलं, आणि मी कानांवर हात ठेवले. "नको, ते नको. दुसरं सांगा." ते म्हणाले, "अगं, पुढची गंमत तर ऐक." मी ऐकली नाही. मला त्या न ऐकू येणाऱ्या विमानाची भीती वाटली होती. रात्री पंख्याचा आवाज बंद झाला की ते येईल असं वाटायचं.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी काका बाथरूमसमोर पडले. टेकडी तोवर संपली होती, भोंगा बंद झाला होता, काचा गप्प होत्या. मेंदूत रक्ताची गाठ. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता आणि शब्द गेले होते. समजायचं सगळं. पाणी म्हटलं की ग्लासाकडे बघायचे. पण बोलायला गेले की तोंडातून फक्त हवा यायची, आणि त्या हवेचंच त्यांना आश्चर्य वाटायचं. आईने त्यांची खाट हॉलमध्ये, बाल्कनीच्या दाराशी लावली. वालाचं बिरडं मऊ करून, भाकरी दुधात कुस्करून ती त्यांना भरवायची आणि भरवताना सारखी बोलायची, जणू दोघांच्या वाटणीचं तिलाच बोलायचं होतं.

पहिला शब्द आला तो एका सकाळी, गॅसवाल्यामुळे. लिफ्ट बंद होती म्हणून तो सिलिंडर खालीच ठेवून निघाला होता. आई जिन्यातून वाकून ओरडत होती, "चौथ्या माळ्यावर यायला तुला पालखी पाठवू काय रं? वाजंत्री पण लावू? वर ये, नायतर मी खाली येते, मग बघ!" गॅसवाला वर आला. आई पदराने कपाळ पुसत दारात उभी होती आणि मागून, खाटेवरून, अगदी स्वच्छ आवाज आला, "स्पिटफायर."

आईच्या हातातून पावती पडली. "बोलले! अगो, दादा बोलले! काय बोलले?"

मला कळलं होतं. पण सांगायला तोंड उघडलं नाही. नेहमीसारखंच.

त्यानंतर शब्द येऊ लागले, पण एकाच वाटेने. आई दिसली की स्पिटफायर. आणि संध्याकाळी पप्पा घामेजून आले, शर्ट काढून खाटेच्या कडेला टेकले, तर काकांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "नॅट." पप्पा उंचीने लहान आहेत. त्यांचा डंपरचा धंदा आहे, दिवसभर मोठमोठ्या बिल्डरांशी भांडून भाडं वसूल करतात, पण उंचीवरून कुणी बोललं की त्यांना लागतं. नॅटचा अर्थ त्यांना काकांकडूनच ठाऊक होता. ते उठून बाल्कनीत गेले. "सख्खा भाव हाय मी याचा," ते रस्त्याकडे बघत आईला म्हणाले. "मधू म्हणायला येत नाय, आणि चिलट बरा आठवतो."

आठवड्यातून काही वेळा एक वाचाउपचाराच्या मॅडम घरी येत. तरुण होत्या, पुण्याच्या, आवाज मऊ. त्यांनी घरातल्या प्रत्येकाचा फोटो मोठा करून मागवला होता. तो समोर धरायच्या आणि विचारायच्या, "हे कोण, काका?" पप्पांचा फोटो बघून काका म्हणायचे नॅट. मॅडम हळूच म्हणायच्या, "मधुकर. म-धु-कर." काका मान डोलवायचे, मनापासून प्रयत्न करायचे, आणि परत म्हणायचे नॅट. पप्पा तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे. मग मॅडमनी माझा फोटो धरला. "आणि ही? ही कोण?" काकांनी फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुष्कळ वेळ बघितलं. ओठ हलले आणि थांबले. काहीच आलं नाही. चुकीचंही नाव आलं नाही.

घरात मी एकटीच होते जिला ते नाव देऊ शकत नव्हते, आणि आयुष्यात सगळ्यांत जास्त मी बोलले असेन ती त्यांच्याशी. लोक म्हणायचे, थोडं थोडं येईल परत. मी मान हलवायची. पण आत एकच गोष्ट घर करून बसली होती: त्यांना आई सापडली, पप्पा सापडले, मी सापडत नाही. सगळं परत येईल आणि मी तेवढी राहून जाईन. मागायचं तर मुळीच नाय, हा कायदा त्यांनीच घातलेला. नाहीतर मी त्यांच्या खाटेशी बसून सांगितलं असतं, काका, मला काहीही म्हणा, पण म्हणा.

मी मग एक वेडेपणा केला. मला वाटलं, माझा आवाजच नाही म्हणून माझं नाव येत नाही. आईला ओरडण्यावरून मिळालं, पप्पांना त्यांच्या भांडणांवरून. मग मी आवाज करायला लागले. जुने पैंजण काढून घातले. दार लावताना आपटू लागले, ताटं टेबलावर आदळू लागले, फोनवर मोठ्याने बोलू लागले, तेही मैत्रीण नसताना. आई म्हणाली, "हिला काय झालंय? अंगात वारं शिरलंय का?" काका प्रत्येक आवाजाला दचकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एकदा मी खाटेजवळून छमछम करत गेले तर त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या पायाकडे बोट दाखवून नकाराची मान हलवली. मी पैंजण काढून डब्यात ठेवले. त्या दिवशी दुपारभर मी त्यांच्या पायथ्याशी बसून होते, पंखा फिरत होता, खाली कुणीतरी बोंबील तळत होतं, आणि आम्ही दोघं इतकी गप्प होतो की वास सुद्धा ऐकू यावा.

पप्पांचं मात्र मन दुखतच राहिलं. एका रविवारी मॅडम बसल्या असताना ते त्यांना म्हणाले, "मॅडम, त्याला ते विमानाचं बोलायला देऊच नका. एकदम बंद. चुकीचं बोलला की थांबवायचं." मॅडम विचारात पडल्या. काका खाटेवरून भावाकडे बघत होते. त्यांना सगळं समजत होतं आणि सांगता काही येत नव्हतं. आणि तेव्हा माझ्याकडून ते झालं. पडद्याजवळून मी म्हणाले, "पप्पा, नॅट म्हणजे नुसतं चिलट नाही." सगळे माझ्याकडे वळले. माझे कान गरम झाले होते, पण आता थांबता येईना. "ते लहान होतं म्हणून आधी हसले त्याला. मग त्याने त्याच्याहून मोठी विमानं पाडली. काकांनी त्या विमानावर स्वतःच्या हाताने काम केलंय. त्यांच्याकडचं सगळ्यांत लाडकं नाव त्यांनी तुम्हाला दिलंय."

काकांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. पप्पा खाटेपाशी गेले. "असं काय रं, दादूस?" काका म्हणाले, "नॅट." पप्पा नाक ओढून म्हणाले, "बरं. नॅट तर नॅट." आईने डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाली, "आणि माझं काय लाडकं हाय त्यात? सगळ्यांसमोर तापट म्हणतात मला." मॅडम हसल्या. म्हणाल्या, ज्या दाराने शब्द येतायत ते दार आपण कशाला लावायचं, येऊ देत, बाकीची दारं मागाहून उघडतील. त्या दिवसापासून फोटो धरताना त्या दोन्ही नावं घेऊ लागल्या. माझा फोटो आला की मात्र काका नुसते बघत राहायचे, आणि त्या तो अलगद खाली ठेवायच्या.

पावसाळा सरत आला तेव्हा बातमी आली की नव्या धावपट्टीवर पहिल्यांदा विमान उतरवून बघणार आहेत. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून ती बाजू दिसते. गच्ची भरून गेली. आमच्यासारखी गाव सोडून आलेली पुष्कळ घरं आसपास आहेत. म्हाताऱ्या बायका हातांची छपरी करून, आपलं अंगण नेमकं कुठे होतं ते एकमेकींना दाखवत होत्या. "तो पांढरा पट्टा हाय ना, थय आमचा आंबा होता." पप्पांनी आणि शेजारच्या पोरांनी काकांना खुर्चीसकट वर आणलं. आईने त्यांच्या डोक्याला टॉवेल बांधला. ऊन होतं, पण हवेत एक ओलसर, झोपाळू गारवा होता. खाडीकडून वारा येत होता.

मालवाहू विमान आलं, जड पाखरासारखं, आणि आमच्या गावावर उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांनी वाजवल्या नाहीत. मग थोड्या वेळाने लढाऊ विमान आलं. ते दिसलं आधी, त्याचा आवाज नंतर आला, आणि आला तेव्हा पोटातून आरपार गेला. पोरं किंचाळली, मोबाइल वर गेले. सगळी गच्ची आकाशाकडे बघत असताना काका मात्र कुठेच बघत नव्हते. डोळे मिटून, एका बाजूला मान कलती करून ऐकत होते. ओठांवर अर्धं हसू होतं, जेवढ्या बाजूला येऊ शकतं तेवढं.

मी गच्चीच्या दाराशी उभी होते, गर्दीच्या मागे. आवाज विरत गेला. मला वाटलं, ऊन लागेल त्यांना, पाणी द्यावं. मी बाटली घेतली आणि लोकांमधून वाट काढत त्यांच्या खुर्चीच्या मागे आले. पायात पैंजण नव्हते, चपलाही नव्हत्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मी अजून त्यांना हात लावला नव्हता, काही बोलले नव्हते. श्वास तेवढा घेतला असेल.

"व्हिस्परिंग डेथ," काका म्हणाले.

आई किंचाळली, "डेथ? अरे देवा! काय बोलले? शिव शिव, अहो, यांना खाली न्या!" पप्पाही घाबरले, काकांच्या कपाळाला हात लावून बघू लागले. मी बाटली हातात धरून उभी होते आणि हसत होते, आणि हसता हसता माझा आवाज इतका मोठा झाला की शेजारणींनी वळून बघितलं. आयुष्यात कुणी मला इतकं मोठ्याने ऐकलं नसेल. काकांनी डोळे उघडले, मान वळवता येईल तेवढी वळवली आणि डावा हात मागे केला. मी तो धरला. तो हात पुष्कळ वेळ सुटला नाही.

आता धावपट्टीवरून विमानं रोज जातात-येतात आणि काचा पुन्हा थोड्या थोड्या वाजतात. मॅडमचं खरं ठरलं, दारं उघडली. काका आता मधू म्हणतात, आईला नावाने हाक मारतात, आणि माझा फोटो समोर धरला की शाळेत उत्तर द्यावं तसे ताठ होऊन म्हणतात, "ऋ-तु-जा." मॅडम टाळी वाजवतात. पप्पांच्या गेल्या वाढदिवसाला त्यांच्या मित्रांनी नाक्यावर बॅनर लावला, त्यावर नावाखाली अवतरणचिन्हांत लिहिलं होतं, 'नॅट'. कुणी सांगितलं ते पप्पा कबूल करत नाहीत.

मध्यंतरी मी त्या बोफायटरबद्दल वाचलं. लहानपणी न ऐकलेली ती पुढची गंमत बहुधा हीच असावी. जपान्यांनी ते नाव दिलं हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. म्हणतात की ते आपल्याच बाजूच्या लोकांनी, जेवता-खाता गमतीत काढलं, आणि आपल्या विमानाचं कौतुक आपणच कसं करायचं म्हणून शत्रूच्या तोंडी घातलं. मी दुपारी काकांकडे गेले. ते बाल्कनीत, आपल्या खुर्चीत होते, पाठ माझ्याकडे. मी खाली बसले आणि म्हणाले, "काका, ते नाव शत्रूनं दिलंच नव्हतं. घरच्यांनीच दिलं होतं."

त्यांनी वळून बघितलं नाही. हातातला कप उचलून धरला, वरून विमान गेलं, कप खाली ठेवला.

"माईत हाय," काका म्हणाले.